पाच सेंटिमीटर कमी

"आई, तू त्या दुकानदारकाकांकडून काही घेतेस का?"

हा प्रश्न घरात पडला तेव्हा मी जेवणाच्या टेबलावर, स्कूटरच्या किल्लीशेजारी पडले होते. प्रश्न खरं तर टकळीचा, म्हणजे ह्या घरातल्या बडबड्या लेकीचा, नव्हता. तोंड तिचं, प्रश्न मैत्रिणींचा. मधल्या सुट्टीत त्यांनी तिला डिवचलं होतं, "वक्तृत्वाचं बक्षीस मिळाल्यापासून फार बोलायला लागलीयस ना, मग हे घरी विचारून दाखव." आणि टकळीला 'दाखव' म्हटलं की तिने दाखवलंच म्हणून समजा. कमरेवर हात ठेवून, मान उंच करून, सभागृहात शेवटच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात तिने विचारलं. तिच्या आईच्या हातातला पेला तोंडापाशी पोचलाच नाही.

मित्रांनो, मी एक जुनी मोजपट्टी आहे. पोलादी, पिवळी, डबीत गुंडाळून बसणारी. लोक मला टेप म्हणतात. टकळीची आई प्राणीकल्याण खात्यात तपासनीस आहे आणि मी तिच्या पिशवीत राहते. दुकानांतले, वाहनांतले, पैदास केंद्रांतले पिंजरे कायद्यात बसतात की नाही, हे आम्ही दोघी बघतो. म्हणजे बघत होतो. त्या संध्याकाळनंतर ही 'आम्ही दोघी' भाषा मला जपून वापरावी लागते.

आधीच सांगते, माझा स्वभाव संशयी आहे. तो मला जन्मतःच मिळाला. कारखान्यात पट्ट्यांची लांबच लांब रांग असायची आणि टोकाला एक बाई बसलेली. ती प्रत्येकीला ओढून एका जाड पोलादी दांड्यावर लावून बघायची. रेघेला रेघ जुळली की ठीक, नाहीतर सरळ भंगारात. माझ्या पुढचीला तिने टाकलं होतं. माझी पाळी आली तेव्हा तिने मला इतक्या वेळा उलटंसुलटं करून पाहिलं की मला वाटलं, संपलं सगळं. मग तिने माझ्या डबीवर शिक्का मारला आणि शेजारणीला म्हणाली, "दिसायला सगळ्याच सरळ असतात गं." हे वाक्य मी आयुष्यभर विसरले नाही. पुढे मी ज्याला ज्याला भेटले, त्याच्याकडे मी त्या बाईच्या नजरेनेच पाहिलं.

माझे पहिले मालक म्हणजे मोठे साहेब. उंच, हडकुळे, बसले की गुडघे कानापर्यंत येणारे. त्यांची एक सवय होती, तिने दुकानदारांना घाम फुटायचा. पिंजऱ्यासमोर पोचले की ते मला बाहेर काढायचेच नाहीत. आधी जमिनीवर बसायचे आणि आतल्या प्राण्याकडे पाहत राहायचे.

"साहेब, मोजून घ्या ना," दुकानदार घाईने म्हणायचा.

"मोजतो हो. आधी तो काय म्हणतोय ते बघू."

"ससा काय म्हणणार साहेब?"

"तुम्ही जे सांगणार नाही ते."

आणि मग मला काढायचे. कायदा त्यांना तोंडपाठ होता, पण ते तो पाठ केल्यासारखा म्हणून दाखवायचे नाहीत. नव्या लोकांना समजावताना म्हणायचे, "हे बघा, केंद्राचा कायदा म्हणजे खोलीची फरशी. तिच्या खाली कुणालाच जाता येत नाही. राज्याला वाटलं तर राज्याने त्या फरशीवर पाट ठेवावा, उंच करावं. पण फरशी खोदायची नाही." एवढं साधं कुणी सांगितलं असतं तर शाळेतली नागरिकशास्त्राची पुस्तकं निम्म्या जाडीची झाली असती, असं मला वाटतं.

त्यांच्या हाताखाली मी सतरा वर्षं काम केलं. ऑफिसात मला नाव नव्हतं, ओळख होती. 'साहेबांची टेप.' साहेबांच्या टेपने मोजलंय म्हटलं की दुसऱ्यांदा कुणी मोजायचं नाही. ही स्तुती होती, पण मला ती आवडायची नाही. दुसऱ्यांदा मोजायला काय हरकत होती?

तिसऱ्या वर्षी माझा अपघात झाला. कोंबड्यांच्या ट्रकमध्ये साहेब खुराड्याची उंची घेत होते आणि ड्रायव्हरने मागची लोखंडी फळी धाडकन सोडली. माझं टोक तिच्यात सापडलं. पहिले पाच सेंटिमीटर हूकसकट तुटले आणि ट्रकबरोबर गेले. साहेबांनी मला टाकलं नाही. एका पत्रेकाम करणाऱ्याकडून उरलेल्या टोकाला नवा हूक बसवून घेतला, कड घासून गोल केली. इतकी सफाई की तुटलं होतं हे कुणालाही कळू नये. सुरुवातीचे आकडे तसेही घासून गेलेले होते. त्या दिवसापासून साहेब मोजायचे आणि पुटपुटायचे, "पंचेचाळीस, म्हणजे चाळीस." आणि चाळीस लिहायचे. पुढे पुटपुटणंही थांबलं. वजाबाकी त्यांच्या डोळ्यांतच व्हायला लागली. चौदा वर्षं एकदाही चुकले नाहीत.

मग ते निवृत्त झाले. चहा झाला, भाषणं झाली, भिंतीवरचं घड्याळ भेट मिळालं. साहेबांचे डोळे भरून आले होते. त्यांनी खिशातून मला काढलं आणि टकळीच्या आईच्या हातावर ठेवलं. "ही तू घे. हिने मला कधी दगा दिला नाही."

मी वाट पाहिली. आता सांगतील, आता सांगतील. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, फोटो काढू या. सगळे रांगेत उभे राहिले.

मित्रांनो, इथून पुढची तीन वर्षं मी तुम्हाला खाली मान घालून सांगते आहे.

त्याच वर्षी राज्याने सशांसाठी नवा नियम काढला. केंद्राच्या कायद्यात सशाच्या पिंजऱ्याची उंची किमान पस्तीस सेंटिमीटर होती. राज्याने ती चाळीस केली. का, तर ससा मागच्या पायांवर बसला तर त्याचे कान सरळ उभे राहिले पाहिजेत. बस, एवढंच. कानांसाठी पाच सेंटिमीटर. मला तो नियम फार आवडला होता. कुठेतरी एखाद्या कचेरीत बसून कुणीतरी सशाच्या कानांचा विचार केला, हे ऐकून पोलादालाही बरं वाटतं.

आम्ही पहिल्यांदा गेलो ते बाजाराच्या कोपऱ्यावरच्या दुकानात. दुकानदार गोल चेहऱ्याचा, सारखा रुमालाने मान पुसणारा. त्याचे सगळे पिंजरे जुने, पस्तीसचे. ते त्याला चांगलं ठाऊक होतं, कारण त्यानेच बनवून घेतले होते. टकळीच्या आईने माझा हूक पिंजऱ्याच्या तळाशी टेकवला, मला छतापर्यंत ओढलं आणि आकडा वाचला.

"चाळीस. बसतंय की."

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे. मग पिंजऱ्याकडे. रुमाल मानेवरच थांबला. "बसतंय?" तो म्हणाला.

"बसतंय."

"मग ठीक आहे, ताई," तो हळूच म्हणाला आणि हसला. ते हसू मला आवडलं नाही.

आता माझा कबुलीजबाब ऐका. मला वाटलं, हिला माहीत आहे. साहेबांनी सांगितलं असणारच. माहीत असून ही पाच वजा करत नाही, म्हणजे पाणी कुठेतरी मुरतंय. त्या दुकानदाराला जे वाटलं, अगदी तेच मला वाटलं. आईने प्रत्येक पिंजऱ्याला पत्र्याचा बिल्ला बांधला, त्यावर 'उंची ४०' लिहिलं, खाली सही केली. मी पिशवीच्या तळाशी पडून तिच्यावर संशय घेत राहिले. मोठ्या प्राण्यांचे पिंजरे ऐसपैस असत, पाच इकडेतिकडे झाल्याने त्यांचं काही बिघडत नव्हतं. बिघडलं ते सशांचं. दुकानामागून दुकान आम्ही पास करत गेलो आणि सगळीकडे ससे कान पाठीवर पाडून बसलेले. आई साहेबांसारखी जमिनीवर बसायची नाही. तिला दिवसाला आठ दुकानं करायची असायची. ती सशाकडे बघायची नाही, माझ्याकडे बघायची.

दुकानदार मात्र बोलत राहिला. वाईट नाही, चांगलंच. "बाई फार समजूतदार आहेत." हे समजूतदारपण घरोघर फिरत त्याच्या पुतणीच्या कानावर गेलं. पुतणी टकळीच्या वर्गात, मोठ्या चष्म्याची. आणि शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी ह्या काकांनीच एक पिंजरा सशासकट दिला. मुलींना मापनाचा तक्ता करायचा होता. त्यांनी पट्टीने पिंजरा मोजला. पस्तीस. बिल्ल्यावर चाळीस. खाली सही.

"ही सही तुझ्या आईची ना?" चष्मेवालीने विचारलं.

"हो."

"काका म्हणतात, तुझी आई समजूतदार आहे."

म्हणजे काय, हे टकळीला लगेच कळलं. बाकीच्यांनाही कळलं. म्हणून तो प्रश्न.

तर, पेला टेबलावर ठेवला गेला. आई ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"कोण म्हणालं?"

"कोणी का म्हणेना. घेतेस का ते सांग."

बाबा पुढच्या खोलीत मशीनवर गणवेश शिवत होते. मशीन थांबलं. ते शिंपी आहेत, त्यांना कुठे थांबायचं ते कळतं.

"उद्या शाळा सुटली की चल माझ्याबरोबर," आई म्हणाली. "तुझ्यासमोर मोजते. तोपर्यंत माझ्याशी बोलू नकोस." टकळी, जी झोपेतही बोलते, ती खरंच दुसऱ्या दिवसापर्यंत गप्प होती. भाजी वाढताना दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही. मी टेबलावरून दोघींकडे पाहत होते. आणि पहिल्यांदाच माझ्या मनात आलं, हिला खरंच माहीत नसेल तर?

दुसऱ्या दिवशी दुकानात गर्दी नव्हती. दुकानदाराने स्टूल पुढे केलं, ताई बसा, बाळ तू पण बस. कुणी बसलं नाही. आईने मला काढलं, हूक टेकवला, ओढलं. "वाच," ती लेकीला म्हणाली.

टकळी वाकली. "चाळीस," ती म्हणाली. तिच्या आवाजात एवढा आनंद होता की मला डबीत पळून जावंसं वाटलं. पण ती पोरगी अर्ध्यावर थांबणारी नाही. तिने दप्तरातून शाळेची तीस सेंटिमीटरची पट्टी काढली, पिंजऱ्यात उभी केली, तीसवर बोट धरलं, पट्टी वर सरकवली. बोट काढलं नाही. कितीतरी वेळ काढलं नाही.

"पस्तीस."

"शाळेच्या पट्ट्या टोकाला झिजतात," आई म्हणाली.

"पाच सेंटिमीटर झिजतात?"

दुकानदार मध्ये पडला. "अगं बाळ, कशाला उगाच. केंद्राच्या कायद्यात पस्तीस आहेच की. त्यात तर बसतो ना आपण? आणि ताई, इतकी वर्षं आपलं आपण समजून घेतलंय, आता पोरीच्या प्रदर्शनापायी..."

"काय समजून घेतलंय?" आईने विचारलं.

रुमाल मानेवर गेला. "म्हणजे, तुम्ही चाळीस म्हणालात. मी काही बोललो नाही. मला वाटलं, तुमची कृपा."

आईचा चेहरा मी आजवर कितीदा पाहिला असेन, पण असा नाही. ती खाली बसली, जमिनीवरच, साडीची पर्वा न करता. पिंजऱ्यात एक राखाडी ससा होता. तो मागच्या पायांवर उठला, जाळीला पुढचे पंजे लावले आणि त्याचे कान छताला लागून दुमडले. त्याने थोडा वेळ प्रयत्न केला. मग कान पाडून बसला. त्याला सवय होती.

घरी आल्यावर बाबांनी कटिंगच्या टेबलावरचे कपडे बाजूला केले. "आण ती इकडे," ते म्हणाले. मला पूर्ण ओढून त्यांनी लोखंडी पट्टीवर लावलं. लोखंडी पट्टीवर शंभर आलं तिथे माझ्यावर एकशे पाच होतं. त्यांनी माझा हूक नखाने खरवडला. "हा मागाहून बसवलाय. काम छान केलंय पण."

"तुम्हाला कसं सुचलं लावून बघायचं?" टकळीने विचारलं.

"माझी कापडी टेप वापरून वापरून ताणते. दर सहा महिन्यांनी मी तिला ह्या पट्टीवर लावून बघतो. नाहीतर गिऱ्हाईक म्हणतं शर्ट आखूड आणि मी म्हणतो तुमचं पोट वाढलं." मग आईकडे न बघता त्यांनी विचारलं, "तू हिला कधी लावून बघितलंस?"

आईने मोठ्या साहेबांना फोन लावला आणि टेबलावर ठेवला.

"अगं, ती पाचाने जास्त दाखवते ना," साहेबांचा आवाज आला. "मी सांगितलं होतं की."

"नाही, साहेब."

"नाही सांगितलं? मग चुकलं माझं. मला ती सांगायची गोष्टच वाटेनाशी झाली होती, बाळ. आपण चष्म्यातून बघतो हे आपल्याला कुठे आठवतं." मग खूप हळू, "सशांचं काय झालं?"

आईने फोन ठेवून दिला.

राज्याने सशांना दिलेले पाच सेंटिमीटर मी खाल्ले होते. तीन वर्षं, एकेका दुकानात, सहीशिक्क्यासकट.

"असं कर," बाबा शेवटी म्हणाले. "नवी टेप घे. पुढच्या तपासणीत सगळे पिंजरे आपोआप पकडले जातील. कुणाला काही सांगायची गरज नाही."

"पुढची तपासणी दोन वर्षांनी आहे."

"मग उद्या ऑफिसात सांग."

"काय सांगू? टेप चुकीची होती? कोण विश्वास ठेवेल?" आईचा आवाज फाटला. "दुकानदाराने नाही ठेवला. माझ्या मुलीने नाही ठेवला. आता चौकशी लागेल, आणि जो तो विचारेल तिने काय घेतलं. सतरा जणांना मी एकेक करून ही टेप दाखवत फिरू?"

टकळीने खाली पाहिलं. बाबांनी माझी डबी बंद केली. मी अंधारात गेले.

मित्रांनो, मला उद्या भंगारात टाकतील की कुठल्या तरी चौकशीत पुरावा म्हणून पाकिटात घालतील, मला माहीत नाही. दोन्ही मला मान्य आहे. पण तुमच्याकडे एक मागणं आहे. कायदे करणारे करतात. केंद्राचा वेगळा, राज्याचा वेगळा, दोन्ही चांगल्या मनाने केलेले. ते पिंजऱ्यापर्यंत पोचतात ते माझ्यासारख्या एखाद्या पट्टीवरून, आणि पट्टी तुटकी असू शकते. म्हणून माझ्यावर संशय घ्या. वेळोवेळी मला दुसऱ्या पट्टीवर लावून बघा. जुन्या वस्तूची काळजी घेणं म्हणजे तिच्यावर डोळे मिटून भरवसा ठेवणं नव्हे. आणि माणसांवरही संशय घ्या हवा तर, पण तो मनात कुजवत ठेवू नका. मी तीन वर्षं कुजवला. टकळीने एका दिवसात विचारून टाकला. ज्याला मापं येत नाहीत, सही येत नाही, त्याचे कान दुमडलेले असतात. ते आधी बघा.

डबीच्या फटीतून मला खुर्ची सरकल्याचं ऐकू आलं. टकळी उभी राहिली असणार. ह्या वेळी तिचा आवाज शेवटच्या रांगेसाठी नव्हता. फक्त टेबलापुरता होता.

"आई, बाबा, मी ठरवलंय. उद्या पहिल्या तासाला मी वर्गात उभी राहून सांगणार आहे. आई काही घेत नाही. आणि आई चुकली. दोन्ही वाक्यं सांगणार, नुसतं पहिलं नाही. प्रश्न मी विचारलाय, उत्तर मलाच द्यायला हवं."

तिने खुर्ची आईजवळ ओढल्याचा आवाज आला.

"माझी शाळा साडेसातला भरते. तुझं ऑफिस दहाला. तुला माझ्या आधी सांगायचं असेल तर तुझ्या ऑफिसातल्या मोठ्या मॅडमना आत्ता फोन कर, मी इथेच बसते तुझ्याजवळ." तिने मला उचललं. तिचा हात गरम होता. "आणि शनिवारपासून सुट्टीभर मी तुझ्याबरोबर येणार. सगळी दुकानं, पहिल्यापासून. बाबांची लोखंडी पट्टी घेऊन. मोजायचं तू. मी खाली बसून सशाकडे बघणार."